दोनदा उकळलेलं पाणी

मी पिकदाणी आहे. जुनी आहे, पितळेची आहे, आणि हो, माझ्यात लोक थुंकतात. मुरडलीत नाकं? मुरडून घ्या एकदाची, मग पुढे ऐका. कारण मित्रांनो, मी कोपऱ्यात बसून विड्याचे लाल डाग मिरवणारी पिकदाणी नव्हे. मी कमरेएवढी उंच आहे. वर रुंद तोंड, मध्ये बारीक कंबर आणि खाली तीन चाकं. कुन्नूरच्या डोंगरातल्या एका चहाच्या पेढीत मी पंचेचाळीस वर्षं चालते आहे. माझ्यात पडतो तो फक्त चहा, आणि तोही जाणत्या लोकांनी तोंडात घोळवलेला.

कुंभकोणमच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. त्याच्या बायकोला वाटलं, इतकं सुबक भांडं म्हणजे नक्की एखाद्या देवळात जाणार. निघताना तिने मला कुंकू लावलं. दोन दिवसांनी मी इथे पोचले आणि पहिल्याच सकाळी एका गृहस्थांनी माझ्या तोंडात पिचकारी मारली. कुंकू वाहून गेलं. तेव्हा मी मनातल्या मनात फार रडले. आता आठवलं की हसू येतं.

इथलं काम काय ते आधी सांगते. डोंगरातल्या कारखान्यांतून चहाचे नमुने आमच्याकडे येतात. उत्तरेच्या खिडक्यांखाली लांबलचक ओटा आहे, त्यावर पांढऱ्या कपांची रांग लागते. प्रत्येक नमुन्याचं चिमूटभर पान, उकळतं पाणी, आणि मोजून सहा मिनिटं. मग चाखणारे येतात. चमच्याने चहा सुर्रकन ओढायचा, तोंडभर खेळवायचा, माझ्यात टाकायचा आणि दोन शब्दांत निकाल द्यायचा. ‘तरतरीत.’ ‘करपट.’ ‘धुराचा वास.’ मागून लेखनिक लिहून घेतो आणि त्या दोन शब्दांवर लिलावात त्या चहाची पत ठरते. मग मला पायाने पुढे ढकलायचं आणि पुढचा कप घ्यायचा. हंगामात दिवसाला अडीचशे कप होतात. आणि हे सगळं उभ्याने. कप जागचे हलत नाहीत, माणूस हलतो. गोऱ्या साहेबांच्या काळापासूनची ही रीत आहे, आणि ती कुणी का पाडली हे विचारायचं कुणाला कधी सुचलं नाही.

माझी पहिली तीस वर्षं थाटात गेली. मुख्य चाखणारे मलाच घेऊन ओट्यावरून फिरायचे. दर शनिवारी मला चिंचेने घासायचे. मग कोइम्बतूरहून स्टीलच्या तीन पिकदाण्या आल्या. गुळगुळीत, हलक्या, चाकांचा आवाज नाही. माझं एक चाक तोवर कुरकुरायला लागलं होतं. मला भिंतीकडे सारलं, आणि माझ्यात फाटक्या छत्र्या ठेवायला लागले. छत्र्या! या अपमानापुढे थुंकणं परवडलं, मित्रांनो.

मला बाहेर काढलं ते कयलमुळे. कयलविळी तिचं पूर्ण नाव. चहाच्या मळ्यात पान खुडणाऱ्या बाईची मुलगी, शिकून आमच्या पेढीत चाखायला आलेली पहिली बाई. पहिल्या दिवशी ती केसांत मोगऱ्याचा गजरा माळून आली. या खोलीत फूल, अत्तर, केसांचं तेल, सकाळचं सांबार, काही म्हणजे काही चालत नाही. वासाने चहा बाटतो. मुख्य चाखणाऱ्या देवसहायम सरांनी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. कयल बाहेर गेली, पाण्याच्या खोलीतल्या खिळ्याला गजरा अडकवून परत आली आणि उभी राहिली. नवीन माणूस म्हणून तिला जुनं सामान, म्हणजे मी. सरांना वाटलं, कुरकुरणारी पिकदाणी दिली की पोरगी आठवड्यात पळेल.

पळते कसली! तिने पाण्याच्या खोलीतल्या मुनियांडी अण्णांना माझ्या चाकाला तेल घालायला सांगितलं. अण्णांनी बिचाऱ्यांनी घरून शेंगदाण्याचं तेल आणलं. दुसऱ्या दिवशी देवसहायम सरांना ओळीने चौदा कपांत शेंगदाण्याचा वास आला. चौदा कारखान्यांना तक्रारीची पत्रं जाणार, तेवढ्यात कयल खाली वाकली, माझं चाक हुंगलं आणि म्हणाली, “सर, कारखान्यांचं काही चुकलेलं नाही. चूक इथे आहे.” त्या दिवसापासून सर तिला नावाने हाक मारायला लागले.

मुनियांडी अण्णांबद्दल थोडं सांगते, कारण पुढे त्यांचं काम आहे. तीस वर्षं ते फक्त पाणी उकळत आले. त्यांचा एकच कडक नियम होता. उकळून निवलेलं पाणी पुन्हा तापवायचं नाही. दिसायला ते तसंच दिसतं, वाफही तशीच येते, पण त्यातला जीव गेलेला असतो. त्यात उत्तम पान टाका, चहा मचूळच उतरतो. असं पाणी अण्णा न विचारता मोरीत ओतून द्यायचे. नमुना चाखण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी तीस वर्षांत एक शब्द काढला नव्हता.

सहा वर्षं कयलने माझ्यासोबत काम केलं. तिची जीभ चांगली होती, खूप चांगली. पण मी ते मुद्दाम मोठं करून सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

मग एका पावसाळ्यात तिला ताप आला. तसा सगळ्यांनाच आला होता, सगळे बरे झाले. ती महिन्याभराने कामावर आली, तेव्हा सगळे म्हणाले, छान दिसतेस की! फक्त मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. कारण आता ती मला ढकलत नव्हती. माझ्यावर रेलत होती. आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी. साठाव्या कपाला तिचं सगळं वजन माझ्या काठावर यायचं. माणसं चेहरा बघतात, मित्रांनो. मी वजन बघते, आणि वजन खोटं बोलत नाही.

एकदा ती ‘तरतरीत’ म्हणायला गेली आणि तिला शब्दच सापडेना. लेखनिक पेन धरून थांबला. सगळी रांग थांबली.

“काय झालं?” देवसहायम सरांनी विचारलं.

“शब्द जिभेवर आहे सर, येत नाहीये.”

“झोप काढत जा रात्री.”

“दहा-दहा तास झोपते. उठते तेव्हा झोपले होते असं वाटतच नाही.”

यावर आमच्या लोकांनी केलेला उपाय ऐका. चहावाले ते! त्यांनी तिला चहा पाजला. हाडाचे चाखणारे कामात चहाचा थेंब गिळत नाहीत, पण कयलसाठी खास दाट काळा काढा व्हायला लागला. एक कप सरांचा, एक लेखनिकाचा, एक पाण्याच्या खोलीतून. त्यात कुणी सुंठ टाकायचं, कुणी गूळ. “पी, अंगात वीज येईल!” वीज नाही आली, छातीत धडधड मात्र आली. ती घरी जाऊन छताकडे बघत पडायची. प्रेम होतं त्यात, मी नाही म्हणत नाही. पण दुखणं न विचारता दिलेलं औषध ते, त्याचा काय उपयोग?

कोइम्बतूरच्या डॉक्टरीण बाईंनी शेवटी आजाराला नाव दिलं. क्रॉनिक फटीग सिंड्रोम. लांबलेल्या थकव्याचा आजार. विश्रांतीने न जाणारा थकवा, आणि झेपेल त्याहून थोडं जास्त केलं की एक-दोन दिवसांनी पडणारा मोठा दणका. गोळी घेतली आणि बरं झालं, असं यात नाही. त्यांनी दिलेल्या पत्रात सगळं लिहिलं होतं. देवसहायम सरांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

“थकवा,” ते म्हणाले. “थकवा आम्हाला येत नाही का? माझे गुडघे बघ.”

“सर, हा तसला थकवा नाही.”

“मंगळवारी मोठा माल येतोय. अख्खी रांग तू एकटीने कर. आपल्यालाही कळेल आणि तुलाही कळेल.”

त्यांच्या मनात कपट नव्हतं. शंका आली की चाखून बघायचं, एवढंच त्यांना आयुष्यभर माहीत होतं. पण माणूस म्हणजे काय चहाचा नमुना आहे?

मंगळवारी कयलने अख्खी रांग केली. दोनशे चाळीस कप. तिची नोकरी त्यावर लटकलेली होती, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. तिने एकही शब्द चुकवला नाही. शेवटच्या साठ कपांना तर तिने माझ्या काठाला हातसुद्धा लावला नाही. दात आवळून सरळ उभी होती. सरांनी टाळी वाजवली.

“बघितलंस? काही झालेलं नाही तुला! मनाचे खेळ आहेत सगळे.”

बुधवारी ती आली, जरा फिकट होती. गुरुवारी आली नाही. शुक्रवारी सुट्टी घेऊन मुनियांडी अण्णा वरकी बिस्किटांचा पुडा घेऊन तिच्या घरी चढाव चढून गेले. सोमवारी आले ते चेहरा पाडूनच.

“काय म्हणतेय? आराम करतेय ना?” सरांनी विचारलं.

“पेला धरता येत नाहीये तिला, सर. आई चमच्याने पेज भरवते. पडदे ओढून घेतलेत, उजेड सोसत नाही. मी दारातून हाक मारली, तर म्हणाली, अण्णा, हळू बोला.”

“असं कसं? मंगळवारी तर किती...”

“मंगळवारचंच आहे ते,” अण्णा म्हणाले.

सरांना ते पटलं नाही. मला पटलं होतं, पण मला कोण विचारतो? एकोणीस दिवस मी भिंतीला टेकून उभी होते. कुणीतरी पुन्हा माझ्यात छत्री ठेवली. त्या छत्रीची काडी मी माझ्या बारीक कमरेत अडकवून ठेवली, आणि उपसताना ती मोडली. हो, मुद्दाम मोडली.

विसाव्या दिवशी कयल आली. तोवर देवसहायम सरांचं मन विरघळलं होतं, आणि विरघळलेल्या मनाने त्यांनी दुसरी चूक केली होती. मागच्या कोठीत त्यांनी तिच्यासाठी टेबल मांडून घेतलं होतं. सोबत उशी घातलेली छान वेताची खुर्ची. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम.

“हलकं काम आहे,” ते मायेने म्हणाले. “पगार तोच. निवांत बस.”

कयलने टेबलाकडे पाहिलं. मग चाखण्याच्या खोलीकडे पाहिलं. आणि म्हणाली, “नको.”

“म्हणजे?”

“मला सोपं काम नको, सर. मला माझं काम हवंय. माझी जीभ आजारी नाही. मी बसून चाखीन. कप माझ्याकडे येतील. चाळीस कप झाले की वीस मिनिटं डोळे मिटून आडवी होईन, मग पुन्हा चाळीस. दिवसाला ऐंशी, त्यावर एक नाही. लिलावाच्या दुसऱ्या दिवशी मी घरी. आणि एक, मी बरी दिसले म्हणून जास्त कप द्यायचे नाहीत. मी स्वतः मागितले तरी द्यायचे नाहीत.”

“बसून?” सरांना बाकी काही ऐकूच आलं नव्हतं. “या खोलीत कुणी बसून चाखलेलं नाही. माझ्या गुरूंनी नाही, त्यांच्या गुरूंनी नाही. आणि चाळीस कपांनंतर दमली नसशील तरी झोपणार?”

“दमायच्या आधीच थांबायचं, सर. दमल्यावर थांबून उपयोग नसतो. मंगळवारी तेच झालं.”

“असं नाही चालत, कयल. पेढी आहे ही, दवाखाना नाही.”

कयल तिथेच उभी राहिली. उभं राहून तिचे पाय थरथरायला लागले होते, आणि खुर्ची होती ती चिठ्ठ्यांच्या टेबलाशी. तिथे बसली असती तर ते काम पत्करल्यासारखं झालं असतं. म्हणून ती बसत नव्हती. मित्रांनो, इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही. चाकं असून मला एक वीतभर पुढे जाता येत नव्हतं.

तेवढ्यात मुनियांडी अण्णा पाण्याच्या खोलीतून आले. त्यांनी ती वेताची खुर्ची उचलली, उशीसकट. सरळ चाखण्याच्या खोलीत नेली आणि उत्तरेच्या खिडकीखाली ठेवली. मग मला ओढत नेऊन खुर्चीच्या उजव्या हाताला उभं केलं. माझं चाक एवढ्या जोरात कुरकुरलं की सगळ्यांनी माना वळवल्या. मी ते आवरलं नाही.

“मुनियांडी! तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही, सर.”

“मग?”

अण्णा मागे सरले नाहीत. “तीस वर्षं मी पाणी उकळतोय. निवलेलं पाणी पुन्हा तापवलं तर तुम्ही ओळखता, अख्खी रांग ओतून द्यायला लावता. म्हणता, दिसायला तसंच आहे रे, पण जीव गेलाय त्यातला. पाण्याचं एवढं कळतं तुम्हाला. या पोरीला मंगळवारी तुम्ही पुन्हा उकळलंत, तिच्यातला जीव गेला, आणि म्हणता दिसतेय तर छान! पाण्याला जो न्याय, तो माणसाला नाही?”

देवसहायम सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. त्यांना राग आला होता की लाज वाटत होती, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

“कप आणा,” ते शेवटी म्हणाले. “चाळीस. एकेचाळीस नकोत.”

आणि कप हलले, मित्रांनो. साहेबांच्या काळापासून न हललेले कप तबकात बसून माणसाकडे आले. आभाळ कोसळलं नाही. चहाही बिघडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, तिची जीभ सोन्याची, म्हणून पेढीने तिला सांभाळलं. तिथेच तर माझं भांडण आहे! तिची जीभ साधी असती, ती चिठ्ठ्याच चिकटवत असती, तरी तिला बसायला खुर्ची आणि आडवं व्हायला वीस मिनिटं हवीच होती. आजारी माणसाने आधी स्वतःची हुशारी सिद्ध करायची आणि मगच त्याला खुर्ची मिळायची, हा कुठला न्याय? म्हणून तिचं कौतुक मी मघाशी आवरतं घेतलं.

आणि ती बरी झाली, असंही मी सांगणार नाही. नाही झाली. चांगले दिवस येतात, वाईट येतात. चांगले दिवस जास्त अवघड, हे मी आता शिकले. मागच्या महिन्यात एका सकाळी ती हसत आली, चाळीस कप झरझर केले आणि म्हणाली, “अजून वीस द्या. आज अंगात जोर आहे.” मुनियांडी अण्णा बाहेर होते. मला वाटलं, झालं, आता दणका बसणार. पण देवसहायम सर उठून आले आणि त्यांनी तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

“चाळीस झाले.”

“सर, आज खरंच मी छान आहे.”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “जा, पड जा.”

ती चिडली. पाय आपटत गेली आणि पडली. दोन दिवसांनी लिलावाला ती आली, स्वतःच्या पायांनी.

आमच्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी हात जोडतात. आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका, असं म्हणतात. मी हात जोडणार नाही, मला हातही नाहीत. मला घासलं नाही तरी चालेल. पण तुमच्या शाळेत, तुमच्या आईच्या कचेरीत, तुम्ही मोठे होऊन जिथे काम कराल तिथे, कुणी म्हणालं की मी थकलोय, तर त्याचा चेहरा तपासत बसू नका. तुम्हालाही थकवा येतो, हे सांगू नका. काढा पाजू नका. ‘तुला काय लागेल?’ एवढं विचारा, आणि तो सांगेल ते द्या. रीत मोडत असेल तर मोडू द्या. रीत काय, पुन्हा पाडता येते.

हा आठवडा कयलचा वाईट आहे. तीन दिवस झाले, ती आलेली नाही. काल एक मोठे कारखानदार आले, पेढीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. डोंगर चढून दमले होते. आपला चहा कसा उतरलाय ते बघायला आत आले आणि खिडकीखालची खुर्ची दिसताच तिच्याकडे वळले. ते टेकणार तोच देवसहायम सरांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. लेखनिकाने बाहेरून बाक आणायला धाव घेतली.

“का हो? रिकामी तर आहे,” कारखानदार म्हणाले.

“रिकामी नाही,” सर म्हणाले. “कयल बसते इथे. उद्या येईल, परवा येईल, नाहीतर तेरवा येईल. बाक येतोय, तोवर तुम्ही जरा उभे राहा.”